मुखपृष्ठावरची आत्या

आमच्या मंचरच्या घरात जिन्याच्या भिंतीवर बावीस बायका टांगलेल्या आहेत, असं आमचे हे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगतात आणि मग माझ्याकडे बघत मिशीत हसत उभे राहतात. मी काही बोलत नाही. चाळीस वर्षांच्या संसारात कुठे गप्प बसायचं एवढं तरी कळायलाच हवं. पाहुणा बिचारा मान वर करून बघतो, आणि मग त्याला उलगडतं की या जुन्या दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवरच्या बायका आहेत. कुणाच्या हातात निरांजन, कुणाच्या खांद्यावर पोपट, कुणी तुळशीपाशी, कुणी झोपाळ्यावर. सगळ्या काचेआड, चांगल्या फ्रेममध्ये, ऊन लागणार नाही अशा बेताने लावलेल्या.

मी मुखपृष्ठं जमवते. अंकाचं फक्त वरचं रंगीत पान. आतला मजकूर मला नको असतो, हे ऐकून वाचणारी माणसं दुखावतात. पण जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवल्यावर मजकुराचं मला फारसं अप्रूप उरलेलं नाही. चित्राचं मात्र अजून आहे.

आमच्याकडे भिंतीवर दोघांनाच जागा असते, देवाला आणि गेलेल्या माणसाला. त्यामुळे माझ्या बायकांनी सुरुवातीला बराच घोळ घातला. पहिल्याच वर्षी पितृपंधरवड्यात, नवमीच्या दिवशी, मी बाजारातून आले तर पोपटवालीच्या गळ्यात झेंडूचा ताजा हार. कामाला येणाऱ्या मावशी पदराला हात पुसत समाधानाने उभ्या.

“कुकू हाय, मंगळसूत्र हाय, म्हंजी सवाष्णच गेली बिचारी. आज तिचा दिस. तुमी इसरलात, म्हणून मीच घातला.”

नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईचं श्राद्ध नवमीला करतात, हे मावशींचं अगदी बरोबर होतं. फक्त पोपटवाली कधी जन्मलीच नव्हती. ती आमची कुणी लागत नाही, हे पटवण्यात माझा अर्धा तास गेला. “कुनी लागत न्हाई, तर घरात कशापायी ठेवली?” असं विचारून मावशी भांड्यांकडे वळल्या. हार मी दुसऱ्या दिवशी काढला. त्या दिवशी काढवेना.

या नादाचं मूळ अण्णांत, म्हणजे माझ्या वडिलांत आहे. आमचं गाव लेण्याद्रीच्या पायथ्याला. अण्णा तिथून रोज सायकलवर जुन्नरला जायचे. तिथल्या एका वाचनालयात ते शिपाई म्हणून लागले आणि झाडलोटीपासून पुस्तकांच्या देवघेवीपर्यंत सगळं एकहाती बघायला लागले. दिवाळी अंक आले की त्यांचं पहिलं काम ठरलेलं. अंकाच्या पिना उचकटून मुखपृष्ठ अख्खं काढायचं, पिना परत ठोकायच्या आणि वर खाकी कागद चढवायचा. रंगीत पानं हाताळून खराब होतात, लोक फाडून नेतात, असं त्यांनी वाचनालयाच्या मंडळींना पटवलेलं होतं. काढलेली मुखपृष्ठं ते घरी आणायचे आणि आई ती पेटीच्या तळाशी पसरून ठेवायची.

जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधी ती बाहेर निघायची. आई गव्हाच्या पिठाची खळ शिजवायची, अण्णा मांडी घालून बसायचे आणि आमच्या पुस्तकांना कव्हरं चढायची. पण चित्राची बाजू आत, जाहिरातीची बाहेर. हेडमास्तरांचा तसा हुकूमच होता, वर्गात बायांची चित्रं दिसता कामा नयेत. त्यामुळे माझ्या गणितावर केसांच्या तेलाची जाहिरात असायची आणि तिच्या पाठीमागे, पुठ्ठ्याला चिकटून, कुणीतरी सुंदर बाई अंधारात बसलेली असायची. तास कंटाळवाणा झाला की मी पुस्तकाची दुमड नखाने उचलून बघायची. दुमडीत येईल तेवढंच दिसायचं. कधी पैंजण घातलेला पाय, कधी पदराचा काठ, कधी बांगड्यांचा हात. अख्खी बाई अशी मी लहानपणी एकही पाहिलेली नाही.

अण्णा गेले त्यानंतर त्यांची ट्रंक आवरताना माझं चौथीचं इतिहासाचं पुस्तक निघालं. मी ते मोरीत नेलं, ओल्या कापसाने टिपून टिपून खळ मऊ केली आणि कव्हर सोडवलं. कसरीने दोन ठिकाणी खाल्लेलं होतं, पण मधे बाई शाबूत होती. हातात निरांजन घेऊन जरा खाली बघणारी. या बाईचा हात मी वर्षभर पाहिला होता आणि चेहरा पन्नाशीत बघत होते. मला रडू आवरेना. हे दारात येऊन म्हणाले, “अगं, पुस्तक हाय ते. अण्णा न्हवं.” ती माझी पहिली फ्रेम.

पुढे निवृत्त झाले आणि मला सुट्टीच मिळाली. घोडेगावपासून नारायणगावपर्यंतचे रद्दीवाले मला ओळखायला लागले. एखादे जुने गुरुजी गेले की लोक सांत्वनाला जायचे आणि मी मनातल्या मनात त्यांच्या माळ्याचा अंदाज घ्यायची. लाज वाटायची, पण जायची. मुखपृष्ठं जमवणाऱ्यांचा व्हॉट्सअॅपवर एक ग्रुप आहे, त्यात शिरले. अदलाबदल शिकले. कागद पिवळा कशाने पडतो, कडुनिंबाचा वाळला पाला कसरीला किती दिवस आवरतो, सगळं शिकले. आणि चित्रकार ओळखायला शिकले. सही झाकून दाखवा, कुणाचा ब्रश ते मी सांगते, अशी माझी मिजास होती. आमच्या ह्यांना या मिजाशीचा फार त्रास झाला. “रद्दी विकायची सोडून आणणारी बाई तालुक्यात ही एकच,” असं ते म्हणायचे. पण प्रत्येक फ्रेमचा खिळा भिंतीत ठोकला त्यांनीच, तोही पाणसळ लावून.

मागच्या उन्हाळ्यात आत्या आमच्याकडे राहायला आली. ही अण्णांची धाकटी बहीण, आळे गावात दिलेली. वय अठ्ठ्याहत्तर, उंच, सडसडीत, बोलायला लागली की समोरच्याने शेताला पाणी द्यायचं विसरावं. एका डोळ्याचा मोतीबिंदू मंचरला काढायचा होता म्हणून तिच्या मुलाने तिला आणून सोडलं. ऑपरेशन झालं, पट्टी निघाली, आणि तिसऱ्या दिवशी कठड्याला धरून ती जिना चढायला निघाली. दर पायरीला थांबत होती. मला वाटलं, गुडघे दुखतात.

“ही दादानं आणलेली का गं?” तिने विचारलं.

“एकच अण्णांची. बाकी मी जमवली.”

ती शेवटच्या फ्रेमपर्यंत गेली, परत खाली आली आणि पायरीवर बसली. “यात माझं न्हाई व्हय?”

मी हसले. मला ती थट्टाच वाटली. आत्या हसली नाही. मग तिने जे सांगितलं ते घरातल्या कुणीही मला साठ वर्षांत सांगितलेलं नव्हतं.

आत्या तेव्हा सतरा वर्षांची. माघातल्या गणेश जयंतीला लेण्याद्रीला यात्रा भरते, तेव्हा ती आणि आजी पायऱ्यांवर बोरं विकायला बसायच्या. त्या वर्षी शहरातून एक चित्रकार आला होता. आत्याला त्याने बोरांच्या पाटीशेजारी दोन दिवस बसवलं. “आई शेजारीच व्हती. चोरून काय न्हवतं,” आत्या दोनदा म्हणाली. “हालू नको म्हनायचा. नाकावर माशी बसली तरी हालले न्हाई मी. चित्र काय त्यानं दावलं न्हाई. गुंडाळलं आन् गेला.”

त्याच वर्षी तिचं कळंबच्या एका मुलाशी ठरलं. कुंकू लागलं, दिवाळी झाल्यावर साखरपुडा करायचा होता. दिवाळी अंक आले. अण्णा नेहमीप्रमाणे गठ्ठा सोडायला बसले आणि एका अंकावर लेण्याद्रीच्या पायऱ्या, बोरांची पाटी आणि पाटीशेजारी बसलेली मुलगी. अण्णा तेव्हा बावीस-तेविसांचे, नोकरीला नवे. बहिणीचं लग्न तोंडावर आणि बहीण वाचनालयाच्या टेबलावर, चार माणसांनी उचलून बघावी अशी. त्यांनी ते मुखपृष्ठ काढून शर्टात घातलं आणि सायकल हाणत घरी आले.

“मी चुलीम्होरं भाकरी थापत व्हते. दादानं बाबांना मागच्या अंगाला नेलं. दोघं आत आली आन् बाबांनी तो कागूद माझ्याच चुलीत घातला. मला इचारलं न्हाई, दावलं न्हाई. रंगाचा कागूद, निळा जाळ झाला. मी तेवढा जाळ बघितला.”

दुसऱ्या दिवशी अण्णांच्या लक्षात आलं की एकच अंक उघडा दिसला तर लोक विचारतील. म्हणून त्यांनी सगळ्याच अंकांची मुखपृष्ठं काढली आणि वर खाकी कागद घातला. पुढच्या वर्षी पुन्हा काढली, म्हणजे आदल्या वर्षीची गोष्ट वेगळी वाटू नये. त्याच्या पुढच्या वर्षी तो वाचनालयाचा रिवाजच झाला.

मी पायरीवर तिच्या शेजारी बसले होते, मला उठवेचना. माझ्या पुस्तकांची कव्हरं, जूनमधली ती खळ, मांडी घालून बसलेले अण्णा. त्यांना चित्रांची आवड होती असं मी जन्मभर धरून चालले होते. आवड बिवड काही नव्हती. एक पान लपवायला तो माणूस वर्षानुवर्षं सगळी पानं काढत राहिला होता.

आणि लपलं काहीच नाही. अंकांची मुखपृष्ठं का काढली, हा प्रश्न जुन्नरच्या बाजारात आलाच, आणि यात्रेत चित्रकारापुढे बसलेली आत्या लोकांनी पाहिलेली होती. काहीतरी असल्याशिवाय कुणी काढतं का? चित्र कुणी पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे ज्याला जसं हवं तसं ते झालं. कळंबला बातमी पोचेपर्यंत चित्राचा फोटो झाला होता आणि बोरांची पाटी गळून पडली होती. त्या लोकांनी निरोप पाठवला, आमचं दुसरीकडे ठरलंय. पुढच्या वैशाखात आत्याला आळ्याला दिली, दोन मुलं असलेल्या बिजवराला. तिथेही बातमी तिच्या आधी पोचली. सासू भांडणात तिला ‘फोटोवाली’ म्हणायची. “मालक वाईट न्हवते,” आत्या म्हणाली. “पोरंबी माझीच झाली, मागनं माझाबी येक झाला. पन त्या नावाला मी लई जळले, बये. म्या काय केलं व्हतं? बोरं इकत व्हते.”

मग तिने चांगला झालेला डोळा माझ्यावर रोखला. “एकदा बघायचं हाय मला. ज्याच्यापायी एवढं झालं ते हाय तरी कसं? तुझ्याकडं एवढी हायेत. तू हुडकशील.”

मी शब्द दिला. अण्णांनी जाळलेलं पान त्यांच्या मुलीने आणून द्यायचं, हे मला कर्तव्यच वाटलं. खरं सांगायचं तर थोडा संग्राहकाचा लोभही होता. स्वतःची आत्या मुखपृष्ठावर असलेला दुसरा कुणी आमच्या ग्रुपवर नाही.

अंकाचं नाव आत्याला माहीत नव्हतं. तिला वाचता येत नाही. तिच्या लग्नाच्या हिशोबाने वर्ष काढलं. त्या वर्षी निघालेल्या अंकांची यादी करायला घेतली तर ती संपेना. ग्रुपवर लिहिलं, वाचनालयांत फोन केले. सहा महिने काही हाती लागलं नाही. दर रविवारी आळ्याहून फोन यायचा, “घावलं का?” आणि मी म्हणायची, “बघतेय, आत्या.” दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशनही मध्ये होऊन गेलं. “आता सुईत दोरा घालते,” ती सांगायची, “म्हंजी चित्र आलं की नीट दिसंल.” मला त्या फोनची धास्ती बसली. ती अठ्ठ्याहत्तरची, आणि माझी सवय अशी की वस्तू मिळायला वर्षं लागली तरी चालतात. तिला चालणार नव्हतं.

शेवटी सांगलीच्या एका गृहस्थांनी ग्रुपवर एक फोटो टाकला. काळ्या दगडाच्या पायऱ्या, वर लेण्यांचे खांब, पायरीवर बोरांची पाटी आणि हिरव्या लुगड्यातली मुलगी. मी लगेच त्यांना फोन लावला. त्यांना बदल्यात माझी होडीवाली आणि मोरपीसवाली हवी होती. दोन्ही माझ्या लाडक्या. जिवावर आलं, पण दिल्या.

नळीत गुंडाळलेलं पान कुरियरने आलं ते मी जेवणाच्या टेबलावर उलगडलं आणि चारी कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या. कोपऱ्यात सही होती, पण मला सहीची गरज नव्हती. हा चित्रकार मी लांबून ओळखते, त्याची सहा मुखपृष्ठं भिंतीवर होतीच. आणि मुलगी? मुलगी हुबेहूब आत्या. तेच ताठ बसणं, तेच कपाळ. नाकात तर मला अण्णा दिसले. मी फोटो काढून आमच्या माहेरच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, ‘आत्याचं चित्र सापडलं!’ धडाधड उत्तरं आली. सेम टू सेम. डोळे बघा, आत्याचेच डोळे. पुण्याच्या भाचीने लिहिलं, आता कळलं आमच्याकडे देखणेपण कुठून आलं. आत्याच्या मुलाला मी सांगून ठेवलं, तिला फोनवर दाखवू नको. तिने ते नीट मोठं, फ्रेममध्येच बघायचं.

फ्रेमवाल्याकडून मी सागाची पट्टी निवडून घेतली. जिन्याच्या मधोमध, डोळ्यांच्या उंचीवर, ह्यांनी खिळा ठोकला. वर मी स्वच्छ नॅपकिन टाकला. आत्या दुपारी आली. नवं लुगडं नेसून आली होती, केसाला तेल लावून. आमचे हे म्हणाले, “आत्याबाई, उद्घाटनाला पावणं म्हणून तुमीच.” ती लाजली. तिला लाजताना मी पहिल्यांदा पाहिलं.

मी नॅपकिन काढला.

आत्या बघत राहिली. आधी लांबून, मग अगदी काचेला नाक लागेपर्यंत जवळून. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “कोन गं ही?”

“तू! आत्या, तू आहेस ही.”

“न्हाई. ही मी न्हाई.”

मला आधी रागच आला. सहा महिने खपले, दोन लाडक्या बायका दिल्या, आणि ही म्हणते मी नाही. मास्तरकी काही सुटत नाही, मी बोट लावून दाखवायला लागले. पायऱ्या त्याच ना? पाटी तीच ना?

“पाटी माझी हाय,” आत्या शांतपणे म्हणाली. “लुगडं आईचं हाय, काठ बघ. पायातलं वाळं माझं. तोंड माझं न्हाई. माझं नाक असं धारदार कवा व्हतं? आन् मी अशी गोरी? लहानपनी देवी आल्या व्हत्या मला, गालावर वण हायेत. कुठं हायेत हिच्या?”

वण होते. आत्याच्या दोन्ही गालांवर बारीक खड्डे आहेत, जन्मापासून मी ते बघत आलेय. चित्रातल्या मुलीचा गाल लोण्यासारखा होता. मी मान वर करून त्याच चित्रकाराची बाकीची सहा बघितली. निरांजनवाली, पोपटवाली, झोपाळ्यावरची. सगळ्यांचं नाक तेच. तेच डोळे, तीच जिवणी. लुगडी वेगळी, हातातल्या वस्तू वेगळ्या आणि बाई एकच. त्याने लेण्याद्रीला दोन दिवस माझ्या आत्याची पाटी काढली, लुगडं काढलं, वाळे काढले, आणि घरी जाऊन त्यावर आपल्या नेहमीच्या बाईचं तोंड बसवलं. सही झाकून ब्रश ओळखणाऱ्या मला एवढं दिसलं नव्हतं.

आत्या पायरीवर टेकली. हे गुपचूप पाणी घेऊन आले. ती प्याली नाही.

“दादानं जाळाय नको व्हतं,” ती म्हणाली. “टेबलावर ऱ्हाऊ द्यायचं व्हतं. कुनीबी येऊन बघितलं असतं आन् म्हटलं असतं, ही ती न्हवंच. कळंबच्या मानसांम्होरं मीच धरलं असतं. बघा म्हटलं असतं, ही मी हाय का? एका नजरंत मिटलं असतं गं.”

तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला सोसेना. अण्णांच्या बाजूने काहीतरी बोलावं असं फार वाटत होतं. ते पोरसवदा होते, घाबरले, बहिणीसाठीच केलं. पण ते सगळं तिला माझ्याहून जास्त माहीत होतं. तिने त्यांना साठ वर्षं राखी बांधली होती.

मग तिने विचारलं, “तुला वाटली व्हती का गं ही मी?”

नाही म्हणता आलं असतं. शाळेत मी मुलांना खरं बोला असं इतकी वर्षं शिकवलं, पण त्या वेळी मला ते आठवलं वगैरे नाही. तिच्या डोळ्यांत बघून खोटं निघेना, एवढंच.

“वाटली, आत्या. हुबेहूब वाटली.”

“आन् बाकीच्यांना?”

“सगळ्यांना. तुझ्या मुलालासुद्धा.”

ती फ्रेमकडे बघत बसली. रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गाणी लावून गेला तो अख्खा जाईपर्यंत.

“माझ्या पोटच्याला वाटली,” ती शेवटी म्हणाली. “मंग कळंबवाल्यांना न्हाई वाटायची व्हय? दादानं दावलं असतं तरी तेच झालं असतं. दादाचा काय दोष न्हाई मग.”

अण्णांसाठी मला जे हवं होतं ते मला मिळालं, आणि घेताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने आयुष्यभर एक गोष्ट धरून ठेवली होती की कुणी नुसतं बघितलं असतं तर वाचले असते. तीही मी एका वाक्यात काढून घेतली होती. आम्ही तिची माणसं, रोज तिला बघणारी. आम्ही तिचे वण विसरून लोण्याच्या गालाला सेम टू सेम म्हटलं होतं.

“काढून टाकू का हे?” मी विचारलं.

“कशाला? चांगलं हाय. पाटी तर झाक काढलीया.” मग म्हणाली, “तुझ्याकडं माझा फोटू हाय का गं?”

मी फोन उघडला. लग्नं, बारशी, मुंजी, डोहाळजेवणं, हजारो फोटो. आत्याचा चेहरा कशातच नव्हता. एका ठिकाणी तिची पाठ होती, एका ठिकाणी पदर डोळ्यांपर्यंत ओढलेला, एका ठिकाणी वाढपाचं पातेलं तोंडापुढे. कॅमेरा आला की ती आत कामाला जायची, आणि आम्ही म्हणायचो, आत्याला कामाचा फार उरक. आमच्यातल्या एकालाही कधी विचारावंसं वाटलं नाही.

“न्हाई ना?” ती म्हणाली. “काढ मग.”

खिडकीपाशी उजेडात खुर्ची ठेवली. तिने पदर डोक्यावर घेतला, मग परत खांद्यावर ठेवला आणि बसली. मी फोन धरला. हे मागून म्हणाले, “आत्याबाई, जरा हसा की.”

“हसायचं कशापायी? हाय तशी येऊ दे.”

मी फोटो काढला आणि फोन तिच्या हातात दिला. बोटांनी मोठं कसं करायचं ते दाखवलं. तिने आधी गाल मोठा केला, मग दुसरा गाल, मग नाक, मग सगळं परत लहान करून चेहरा अख्खा आणला. दोन्ही नव्या डोळ्यांनी ती कितीतरी वेळ बघत राहिली.

“ही मी,” ती म्हणाली.